मोठा साहित्य पुरस्कार मिळाला की लेखकाच्या हाती नेमकं काय पडतं?

कोरा_कागद

ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडला की नोबेल, बुकर, गोंकूर ही नावं बातम्यांत झळकायला लागतात. बातमीत रक्कम असते, फोटो असतो, आणि 'साहित्यविश्वात आनंदाचं वातावरण' असतं. त्यापलीकडे काहीच कळत नाही. म्हणून जाणकारांना काही प्रश्न:

१. पुस्तक या पुरस्कारांपर्यंत पोचतं कसं? लेखक स्वतः पाठवू शकतो का?
२. पुरस्काराची रक्कम सोडून बाकीचे पैसे कुठून येतात, आणि कधी?
३. पुस्तक अनुवादित असेल तर वाटणी कशी होते?
४. करारावर सही करतानाच काय बघून ठेवायला हवं?

'पुरस्काराने जबाबदारी वाढते' छापाची उत्तरं कृपया नकोत. यंत्रणा कशी चालते ते हवंय.

---

शाईदौत

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. 'पुस्तक पुरस्काराला पाठवलंय' हे वाक्य सर्रास ऐकू येतं, पण प्रत्येक पुरस्काराचं दार वेगळं आहे आणि बहुतेक दारांची किल्ली लेखकाकडे नसतेच.

नोबेलला अर्जच नाही, आणि स्वतःचं नाव सुचवलं तर ते धरत नाहीत. स्वीडिश अकादमी सप्टेंबरच्या सुमारास पत्रं पाठवते. ही पत्रं कोणाला जातात तेही ठरलेलं आहे: अकादमीचे आणि तशाच संस्थांचे सदस्य, साहित्य आणि भाषाविज्ञानाचे प्राध्यापक, आधीचे विजेते, लेखक संघटनांचे अध्यक्ष. नावं ३१ जानेवारीपर्यंत पोचावी लागतात. एप्रिलपर्यंत १५-२० नावं उरतात, मेअखेर ५. मग उन्हाळाभर त्या पाच जणांचं लेखन वाचायचं, सप्टेंबरात चर्चा, ऑक्टोबरात मतदान. निम्म्याहून जास्त मतं पडावी लागतात. सुचवलेली नावं ५० वर्षं गुप्त राहतात. तेव्हा हयात लेखकाच्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर 'नोबेलसाठी नामांकित' असं छापलेलं दिसलं तर ते तपासायची सोयच नाही, हे लक्षात ठेवून पुढे वाचावं.

बुकरला पुस्तक प्रकाशक पाठवतो. मूळ इंग्रजीत लिहिलेली कादंबरी, ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर या काळात प्रकाशित झालेली. लेखकाचं नागरिकत्व २०१४ पासून बघत नाहीत. पण प्रकाशकाला हवी तेवढी पुस्तकं पाठवता येत नाहीत, आणि खरी अडचण इथे आहे. २०१४ साली आलेल्या पद्धतीत गेल्या पाच वर्षांत लाँगलिस्टमध्ये (पहिल्या निवडीतल्या बारा-तेरा पुस्तकांच्या यादीत) एकही पुस्तक नसलेल्या प्रकाशकाला १ जागा, एक-दोन असतील तर २, तीन-चार असतील तर ३ आणि पाच किंवा जास्त असतील तर ४. आधीच्या विजेत्यांची नवी पुस्तकं या कोट्याबाहेर धरतात. म्हणजे छोट्या प्रकाशकाने वर्षात आठ कादंबऱ्या काढल्या तर सातांना घरीच बसावं लागतं. तुमची कादंबरी त्या आठांत कितवी आहे, हे प्रकाशकाला आधी विचारलेलं बरं. नंतर विचारलं की दोघांनाही अवघड होतं.

अमेरिकेतल्या पुलित्झरला प्रवेशशुल्क आहे, ७५ डॉलर. तिथे परीक्षक तीन पुस्तकं निवडून मंडळापुढे ठेवतात आणि शेवटचा निर्णय मंडळ घेतं. २०१२ साली परीक्षकांनी तीन कादंबऱ्या दिल्या, मंडळात एकीलाही बहुमत मिळालं नाही, त्यामुळे त्या वर्षी कथात्म साहित्याचा पुरस्कार कोणालाच नाही. परीक्षकांची आवड आणि पुरस्कार यांच्यामध्ये आणखी एक पायरी असू शकते, हे लोक विसरतात.

आपल्याकडच्या दोन मोठ्या पुरस्कारांची जातकुळी वेगळी. साहित्य अकादमी पुरस्कार एका पुस्तकाला असतो आणि त्याला वर्षांची चौकट असते. उदाहरणार्थ, २०२३ च्या पुरस्कारासाठी २०१७ ते २०२१ या पाच वर्षांतली पुस्तकं. ज्ञानपीठ आधी एका कृतीला देत असत, १९८२ नंतर एकंदर साहित्यसेवेला. त्याला काही 'पाठवायचं' नसतं.

फसतं कुठे? तारखेत. पुस्तक छापून तयार असतं पण प्रकाशनाची अधिकृत तारीख चौकटीबाहेर पडते. किंवा तेच पुस्तक दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या नावाने, दुसऱ्या आवृत्तीत येऊन गेलेलं असतं. किंवा प्रकाशनसंस्था लेखकाच्याच मालकीची निघते, आणि स्वप्रकाशित पुस्तक बऱ्याच ठिकाणी चालत नाही. नियमावली दर वर्षी नव्याने निघते, मागच्या वर्षीची पाठ असून उपयोग नाही.

---

दुसरी_आवृत्ती

दुसरा प्रश्न माझा. जरा लांबण लागेल.

आधी रकमा. नोबेल २०२३ पासून १ कोटी १० लाख स्वीडिश क्रोनर. बुकर ५०,००० पौंड, शिवाय शॉर्टलिस्टमधल्या (शेवटच्या फेरीतल्या) सहाही जणांना प्रत्येकी २,५००. पुलित्झर १५,००० डॉलर. ज्ञानपीठ ११ लाख रुपये, साहित्य अकादमी १ लाख. आणि फ्रान्समधला सगळ्यात मानाचा गोंकूर: १० युरो. होय, दहा. तो धनादेश वटवण्यापेक्षा चौकटीत लावण्याच्या लायकीचा. तरी फ्रेंच प्रकाशक त्यासाठी जीव टाकतात, कारण पुस्तकाला गोंकूरची लाल पट्टी गुंडाळली की खप लाखांत जातो. तेव्हा रक्कम बघून पुरस्काराचं वजन ठरवू नका.

आता खपाचे पैसे. इथे बहुतेकांचा हिशोब चुकतो, म्हणून आकडे मांडून दाखवतो. पुस्तकाची छापील किंमत १०० धरा, रॉयल्टी (विक्रीतला लेखकाचा वाटा) १० टक्के.

करारात 'छापील किमतीवर' असेल तर प्रतीमागे १०.
'प्रकाशकाच्या हाती पडणाऱ्या रकमेवर' असेल आणि विक्रेत्याला ५० टक्के सूट दिली असेल तर प्रतीमागे ५.
पुरस्कारानंतर मोठ्या साखळी दुकानांनी आणि ऑनलाइन विक्रेत्यांनी गठ्ठ्याने प्रती मागितल्या, सूट ६० टक्क्यांवर गेली, तर प्रतीमागे ४.
त्यावर करारात 'जादा सुटीच्या विक्रीवर रॉयल्टी ठरल्या दराच्या चार पंचमांश' असं कलम असेल तर ४० चे ८ टक्के, म्हणजे ३.२०.

पुस्तक तेच, वाचक तेच, आणि १० चे ३.२० झाले. हे कलम करारात बहुधा तिसऱ्या-चौथ्या पानावर बारीक अक्षरात असतं, आणि साध्या दिवसांत ते लागू होत नसल्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही. ते लागू होतं नेमकं पुरस्काराच्या वर्षी.

पुढे चला. २०,००० प्रती दुकानांत गेल्या. त्या 'विकल्या गेल्या' असं नाही, न खपलेल्या परत येऊ शकतात. म्हणून प्रकाशक काही टक्के रॉयल्टी राखून ठेवतो. २० टक्के धरले तर ४,००० प्रतींचे पैसे अडकले, उरल्या १६,०००. गुणिले ३.२० म्हणजे ५१,२००. सुरुवातीला घेतलेल्या आगाऊ रकमेपैकी ४०,००० अजून फिटायचे असतील तर ते आधी वळते होणार. हातात ११,२००. तेच जादा सुटीचं कलम नसतं आणि सूट ५० टक्क्यांवर थांबली असती, तर १६,००० गुणिले ५ म्हणजे ८०,०००, वजा ४०,०००, हातात ४०,०००. फरक साडेतीन पटींहून जास्त, आणि तो लेखनामुळे पडलेला नाही.

आणि हे मिळणार कधी? नोव्हेंबरात पुरस्कार झाला, सहामाही ३१ डिसेंबरला संपली, रॉयल्टीचं विवरण ९० दिवसांत, म्हणजे मार्चअखेर. राखून ठेवलेली रक्कम त्यापुढच्या एक-दोन सहामाह्यांत सुटते. टाळ्यांच्या आवाजानंतर पैशाचा आवाज यायला पाच ते सतरा महिने लागतात. नोकरी सोडायचा विचार करणाऱ्यांनी हे कॅलेंडर भिंतीवर लावावं.

प्रकाशकाच्या बाजूनेही बघा, विशेषतः तो लहान असेल तर. घोषणेनंतरच्या पहिल्या आठवड्यात मागणी उसळते. पुनर्मुद्रणाला साधारण दोन-तीन आठवडे लागतात, पुठ्ठाबांधणी असेल तर जास्तच. म्हणून शहाणा प्रकाशक लाँगलिस्ट लागली की कागद सांगून ठेवतो आणि 'विजेता' ओळ असलेलं मुखपृष्ठ आधीच तयार करून बंद पाकिटात ठेवतो. छापखान्याचं बिल ३० दिवसांत द्यायचं, वितरकाकडून पैसे ९० दिवसांनी यायचे. मधले दोन महिने खिशातून. काही पुरस्कारांच्या नियमांत प्रकाशकाने ठरावीक प्रती बाजारात ठेवाव्यात आणि प्रसिद्धीखर्चाचा वाटा उचलावा अशाही अटी असतात. पुस्तक जिंकलं आणि प्रकाशक दमला, असं होतं ते यामुळे. जास्त छापलं आणि सहा महिन्यांनी गठ्ठे परत आले तर त्याहून वाईट.

---

दुभाष्या

वरचा हिशोब संग्रही ठेवण्यासारखा. अनुवादाचं मी सांगते.

इंटरनॅशनल बुकर २०१६ पासून दर वर्षी एका अनुवादित पुस्तकाला मिळतं. ५०,००० पौंडांचे सरळ दोन भाग: २५,००० लेखक, २५,००० अनुवादक. शॉर्टलिस्टच्या ५,००० चेही तसेच निम्मे-निम्मे. डब्लिन साहित्य पुरस्कार एकूण १,००,००० युरोंचा. पुस्तक अनुवादित असेल तर ७५,००० लेखकाला, २५,००० अनुवादकाला. तिथे पुस्तकं सुचवतात ग्रंथालयं, प्रकाशक नाही.

पण ही वाटणी फक्त पुरस्काराच्या रकमेची. खपाच्या पैशाला ती लागू नाही, तिथे करारात लिहिलंय तेच. अनुवादकाने एकरकमी मोबदला घेऊन विषय संपवला असेल तर दोन लाख प्रती खपल्या तरी त्याच्या खात्यात नवा पैसा येत नाही. म्हणून मोबदला कमी मिळाला तरी चालेल, एक-दोन टक्के रॉयल्टी आणि मुखपृष्ठावर नाव या दोन गोष्टी सोडू नयेत. आणखी एक: इंग्रजी अनुवाद गाजला की बऱ्याच भाषांत तो मूळावरून न होता इंग्रजीवरून होतो. इंग्रजी मजकुरावर अनुवादकाचा हक्क असेल तर त्याची परवानगी घ्यावी लागते आणि मोबदला मागता येतो. हक्क प्रकाशकाला लिहून दिले असतील तर तोही मार्ग बंद.

वेळेचा अंदाज यावा म्हणून एक उदाहरण. गीतांजली श्री यांची 'रेत समाधि' हिंदीत २०१८ साली आली. डेझी रॉकवेल यांचा इंग्रजी अनुवाद ब्रिटनमध्ये २०२१ साली, इंटरनॅशनल बुकर २०२२ साली. मधल्या तीन वर्षांत अनुवादक भेटणं, प्रकाशक मिळणं, हक्कांचे कागद होणं, संपादन, छपाई. आणि अनुवाद ब्रिटन किंवा आयर्लंडमध्येच प्रकाशित व्हावा लागतो. इंग्रजी अनुवाद फक्त भारतात निघाला तर तो कितीही उत्तम असो, शर्यतीतच नाही. भारतीय भाषांतली कितीतरी पुस्तकं इथेच अडतात, दर्जावर नाही.

२०२५ साली बानू मुश्ताक यांच्या कथांना मिळालं, अनुवादक दीपा भास्ती. त्यात लक्ष देण्यासारखी गोष्ट अशी की कन्नडात तो या रूपात एक संग्रह नव्हता. १९९० पासून २०२३ पर्यंतच्या कथांमधून बारा निवडून इंग्रजीत पुस्तक बांधलं गेलं. म्हणजे अनुवादकाचं काम वाक्यांपासून सुरू होत नाही, निवडीपासून होतं.

बाहेरच्या प्रकाशकाकडे जायचं तर सोबत हे लागतं: २०-३० पानांचा नमुना अनुवाद (सुरुवातीचाच, 'सगळ्यात छान प्रकरण' उचलून नाही), एक पानी सारांश ज्यात शेवटही सांगितलेला असतो, आणि अनुवादाचे हक्क सध्या कोणाकडे आहेत याचं लेखी पत्र. तिसऱ्या कागदावर घोडं अडतं. जुन्या करारात 'सर्व भाषांतील सर्व हक्क' असं मोघम लिहिलेलं असतं आणि प्रकाशनसंस्थेच्या पुढच्या पिढीला त्याचा पत्ताही नसतो.

---

तिरकस_वाचक

पैशाचं झालं. मानाचं कोणी बोलतच नाहीये, म्हणून.

बुकरला पाच परीक्षक असतात. पुस्तकं दीडशेच्या वर. सात महिने म्हणजे सुमारे २१० दिवस. भागाकार करा, दीड दिवसाला एक कादंबरी. लाँगलिस्टमधली बारा-तेरा दुसऱ्यांदा वाचायची, शॉर्टलिस्टमधली सहा तिसऱ्यांदा. या गतीने वाचताना ज्या कादंबरीचा आवाज ऐंशीव्या पानानंतर लागतो तिचं काय होत असेल? शिवाय पाच जणांचं एकमत व्हायचं तर दोघांचं अतिशय लाडकं आणि दोघांना नकोसं पुस्तक मागे पडतं, कोणाचीच हरकत नसलेलं पुढे सरकतं. हा माझा अंदाज, कोणी नियम समजू नये. २०१९ साली तर नियम असा होता की पुरस्कार विभागायचा नाही, तरी परीक्षक अडून बसले आणि दोघींना दिला.

मिळाल्यावरही वाचक खूश होतातच असं नाही. बालाझ कोवाच आणि अमांडा शार्की यांचा २०१४ चा अभ्यास आहे. पुरस्कार मिळालेली पुस्तकं आणि त्याच यादीत राहून हुकलेली पुस्तकं, अशा जोड्या घेऊन गुडरीड्स या संकेतस्थळावरचे वाचकांचे अभिप्राय तपासले. पुरस्कारानंतर विजेत्या पुस्तकांना मिळणारे तारे हुकलेल्यांपेक्षा जास्त घसरले. कारण सरळ आहे: एरवी त्या वाटेला न जाणारा वाचक शिक्का बघून पुस्तक घेतो आणि मग 'यात गोष्टच नाही' म्हणून दोन तारे देऊन मोकळा होतो. नव्या लेखकाने घोषणेनंतरचे सहा महिने अभिप्राय वाचूच नयेत.

नाकारणारेही आहेत. सार्त्रने १९६४ चं नोबेल नाकारलं, ज्युलियाँ ग्राकने १९५१ चं गोंकूर. सिंक्लेअर लुईसने १९२६ साली पुलित्झर नाकारलं आणि १९३० साली नोबेल घेतलं, हाही एक नमुना. गोंकूर एका लेखकाला एकदाच मिळतं. रोमाँ गारीने १९५६ साली स्वतःच्या नावाने आणि १९७५ साली एमिल आजार या नावाने, असं दोनदा मिळवलं. शिक्का नावाला मिळतो की लेखनाला, यावर याहून चोख प्रयोग कोणी केला नसेल.

अवांतर: 'बुकर विजेता लेखक' असा शब्दप्रयोग आपण करतो, पण बुकर पुस्तकाला असतं.

---

शाईदौत

@तिरकस_वाचक, ते अवांतर नाही, मुद्द्याचंच आहे. एका पुस्तकाला मिळालं की खप मुख्यतः त्याच पुस्तकाचा वाढतो. नोबेल किंवा ज्ञानपीठ कारकिर्दीला, त्यामुळे वाचक मागची सगळी पुस्तकं विचारायला लागतात. आणि तेव्हा लक्षात येतं की त्यातली निम्मी बाजारात नाहीत. म्हणून हक्क परतीचं कलम महत्त्वाचं: पुस्तक अमुक महिने अनुपलब्ध असेल आणि लेखी मागणीनंतर अमुक महिन्यांत पुनर्मुद्रण झालं नाही तर हक्क लेखकाकडे परत. 'अनुपलब्ध' म्हणजे काय तेही लिहून घ्या. नाहीतर मागणीनुसार एक प्रत छापायची सोय आहे, एवढ्यावर पुस्तक कायम 'उपलब्ध' ठरतं आणि हक्क कधीच सुटत नाहीत. ही मागणी पुरस्काराच्या आधी, कोणी विचारत नसताना करायची. घोषणेनंतर कोण हक्क सोडेल?

---

कोरा_कागद

सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त मिळालं. दोन उपप्रश्न. करारात आणखी काय? आणि शुल्क घेऊन 'आंतरराष्ट्रीय' पुरस्कार देणारे जे असतात, ते ओळखायचे कसे?

---

दुसरी_आवृत्ती

करारात चार गोष्टी बघा, महत्त्वाच्या क्रमाने.

जादा सुटीच्या कलमाला तळ घाला: दर कितीही घसरला तरी प्रतीमागे अमुक रकमेच्या खाली नाही. टप्प्याटप्प्याने चढती रॉयल्टी मागा, म्हणजे पहिल्या ५,००० प्रतींना एक दर, पुढे वाढीव. पुरस्काराची उसळी मग वरच्या टप्प्यात पडते. पुरस्कार-बोनस मागता येतो, शॉर्टलिस्टला अमुक, जिंकल्यास अमुक. मात्र तो 'आगाऊ रकमेत वाढ' म्हणून आहे की स्वतंत्र, हे स्पष्ट करून घ्या, कारण पहिल्या प्रकारात तो पुढे रॉयल्टीतून कापलाच जातो. आणि पुढच्या पुस्तकावरचा पहिला हक्क. 'याच अटींवर पुढचं पुस्तक' असं लिहिलं असेल तर पुरस्कारानंतरची कादंबरी तुम्ही पुरस्काराआधीच्या भावात विकून बसला आहात. 'प्रथम वाचण्याचा हक्क, अटी नव्याने ठरवून' एवढंच मान्य करावं.

पुरस्काराची रक्कम लेखकाची. ती आगाऊ रकमेतून वळती करण्याची भाषा कुठे दिसली तर सही करू नका. कराचं देशागणिक बदलतं. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यापासून नोबेलच्या रकमेवरही अमेरिकी विजेत्याला कर भरावा लागतो. आपल्याकडे सरकारने स्थापलेल्या किंवा सरकारमान्य पुरस्कारांना सूट आहे, सरसकट सगळ्यांना नाही. त्यामुळे पुरस्कार देणाऱ्या संस्थेला मान्यतेचं पत्र आहे का ते विचारून घ्या.

---

दुभाष्या

शुल्काबद्दल: फक्त शुल्क आहे म्हणून बनावट म्हणता येत नाही, वर पुलित्झरचं उदाहरण आहेच. मी या गोष्टी बघते. विभाग किती आहेत? पन्नास-साठ विभाग आणि प्रत्येकात सुवर्ण, रौप्य, कांस्य, शिवाय 'उल्लेखनीय' असतील तर पाठवणारा प्रत्येक जण काहीतरी घेऊनच घरी जातो. परीक्षकांची नावं आधी जाहीर होतात का, आणि ती माणसं स्वतःहून कुठे त्याचा उल्लेख करतात का? मागच्या पाच वर्षांच्या विजेत्यांपैकी एखादं पुस्तक ग्रंथालयात दिसतं का? जिंकल्यावर चिकटपट्ट्या, पदक, मानपत्र यांचे वेगळे पैसे मागतात का? मागत असतील तर धंदा तो आहे, पुरस्कार नाही.

नियमांतली एक ओळ मात्र सगळ्यात आधी शोधा: 'प्रवेशिकेतील मजकूर वापरण्याचा कायमस्वरूपी हक्क आयोजकांना राहील.' अप्रकाशित हस्तलिखितांच्या स्पर्धांत ही हमखास सापडते. तिथे हरणाऱ्याचंही पुस्तक जातं.

---

तिरकस_वाचक

आणि खऱ्या पुरस्काराचं चिन्हसुद्धा परवानगीशिवाय मुखपृष्ठावर छापता येत नाही बरं का. लाँगलिस्टच्या पुस्तकावर 'बुकर' एवढंच मोठ्या अक्षरात आणि 'लाँगलिस्ट' मुंगीएवढं, अशी मुखपृष्ठं पाहिली असतीलच.